घडीव म्हणजे घडीव: आमची वाटचाल

उघड्या चुलीवर भांडी टांगायचे घडीव लोखंडी संच, हा आमचा माल कोल्हापुरात खपत नाही. कुणी शेडवर आलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘एवढ्या पैशात गॅसची शेगडी येते की!’ येते ना. पण अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धातल्या 1777 च्या हिवाळी छावणीचा देखावा उभा करणाऱ्यांना त्यांच्या तंबूसमोर शेगडी चालत नाही. त्यांना लागतात जमिनीत ठोकायचे दोन खांब, त्यांच्या डोळ्यांतून, म्हणजे वरच्या टोकाच्या भोकांतून, जाणारा आडवा गज आणि त्यावर भांडी टांगायचे आकडे. व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लोकांचा, काळ उभा करणाऱ्यांना हवी भांडं टांगायची तीन पायांची तिवई. नॉर्वेत 1904 साली ओसेबर्गची दफन केलेली नौका उकरली, तिच्यात लोखंडी तिवई निघाली. दफन 834 सालचं. ते लोक त्या तिवईचे फोटो पुढ्यात ठेवून मालाची तपासणी करतात.

आम्ही आधी कोयते, विळे, कुदळी करायचो. शिक्का मारून निघणाऱ्या स्वस्त मालापुढे ते मागे पडलं आणि आम्ही इकडे वळलो. भांडवल आमचं, हात थोरल्या मिस्त्रींचा. भागीदारीचा कागद पुढे झाला, पण गज कधी भट्टीबाहेर काढायचा हे तेव्हाही तेच सांगायचे, आजही तेच सांगतात.

साध्या संचाला 12 मिलीचा (मिलिमीटरचा) चौरस गज लागतो, मीटरला 1.13 किलो. चार फुटी तीन नग म्हणजे साधारण 4.1 किलो. खरी मेहनत डोळ्याची. गज पिवळा होईल इतक्या तावावर (उष्णतेवर) त्याच्या रुंदीच्या मधोमध छिन्नीने 25 मिलीची चीर द्यायची. एका बाजूने जवळजवळ आरपार जायचं, गज उलटायचा, थंड झालेला काळा ठिपका दिसतो तिथून दुसरा घाव. मग सुंभा (निमुळता लोखंडी दांडा) घालून भोक 19 मिलीपर्यंत रुंदवायचं. हिशेब करताना बरेच जण इथे अडकतात. गज 12 चा असला तरी त्याचा कर्ण 17 मिली, म्हणून 15 च्या भोकात तो शिरत नाही. छिन्नीचे कोपरे धारदार ठेवले तर चिरेच्या टोकाला फाटतं, ते घासून गोल करायचे. छिन्नी मध्य सोडून गेली तर डोळ्याची एक भिंत जाड, दुसरी पातळ, आणि पातळ भिंत पहिल्याच मोसमात तुटते.

खांबाचं टोक काढताना आधी चौरस, मग अष्टकोनी, मग गोल. लाल ताव उतरल्यावर हातोडा चालवत राहिलं तर वरचा थर पुढे सरकतो, आतलं लोखंड मागे राहतं आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी फट पडते. ती कापून टाकायची. ठोकून बुजवली तरी आत तशीच राहते.

भट्टीचा कोळसा म्हणजे कोक, दगडी कोळसा भाजून केलेला. फाउंड्र्यांमुळे कोल्हापुरात त्याची वानवा नाही, पण ढेकळं मोठी येतात. 20-25 मिलीचे तुकडे करून घेतले नाहीत तर भात्याचा वारा फटींतून निसटतो, ताव एकसारखा बसत नाही. शेवटी गजाची लाली उतरून तो काळा झाला आणि अजून चटका देण्याइतका गरम असला की जवसाचं तेल पुसायचं, अगदी पातळ. जाड लावलं तर चिकट थर राहतो आणि त्यावर राख बसते.

हे सगळं एका व्यापाऱ्याला माहीत होतं, कारण आम्हीच त्याला नमुने दिले होते. नाव घेत नाही. त्याने आमचे फोटो लावून ऑर्डरी घेतल्या आणि माल दुसरीकडून करून घेतला. गोल सळई कापली, डोळ्याच्या जागी कडी मिग वेल्डिंगने (तारेच्या विजेच्या वेल्डिंगने) चिकटवली, ग्राइंडर फिरवून वेल्ड लपवला, थंड्यातच हातोड्याचे खड्डे पाडले आणि वरून काळा रंग. काही सळया तर जस्त चढवलेल्या होत्या. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं. धगधगत्या निखाऱ्यात पडलेला आकडा तिथवर पोचू शकतो आणि मग पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की त्या रात्री ताप, थंडी, अंग मोडून येणं. अशा चुलीवर लोक जेवण शिजवत होते!

तक्रारी आल्या आमच्या नावावर, कारण फोटो आमचे. चालू ऑर्डरी रद्द झाल्या, तयार माल शेडमध्ये पडला, व्याज मात्र थांबलं नाही. दोन कारागीर फाउंड्रीत गेले. ऐरण विकायची बोलणीही झाली होती. त्या व्यापाऱ्याचं दुकान आजही चालू आहे, आमच्याच फोटोंसकट.

तगलो ते एका गिऱ्हाइकामुळे. रॉकी पर्वतात 1825 ते 1840 या काळात फरच्या व्यापाऱ्यांचे वार्षिक मेळे भरत, त्यांचा देखावा करणाऱ्या गटाचे ते स्वयंपाकी. त्यांनी खोटा संच आणि आमचा संच शेजारी ठेवून फोटो काढले. घडीव टोकात जाडी हळूहळू बदलते आणि कडा जराशा गोल असतात, ग्राइंडरने काढलेल्या टोकावर एकाच दिशेच्या रेघा दिसतात. आकड्याचं टोक आमच्याकडे वळवून आत घेतलेलं असतं, तळहाताला टोचत नाही. ते फोटो त्यांनी ओळखीच्या सगळ्या गटांना पाठवले. आगाऊ पैसे भरून पुढची ऑर्डरही दिली.

विचारलं नाही तरी सांगतो. भांड्यासकट 14-15 किलो टांगणार असाल तर 12 चा आडवा गज घेऊ नका, 16 चा घ्या. वजन पावणेदोन पट होतं, पण वाक एक-तृतीयांशाहूनही कमी येतो. पोलाद 600 अंशांच्या आसपास निम्मं बळ गमावतं, म्हणून गज ज्वाळेच्या वर ठेवा, ज्वाळेत नको. खांब ठोकताना डोळ्यावर हातोडा मारू नका, मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. आठ-दहा इंच जमिनीत गेला पाहिजे. खडकाळ जागी खांबाचा नाद सोडा, तिवई घ्या. आणि बांधकामाची टीएमटी सळई, म्हणजे स्लॅबमध्ये घालतात ती फासळ्यांची सळई, कुणी स्वस्तात घडवून देतो म्हणाला तर घेऊ नका. तिच्या फासळ्या ठोकून बसवल्या तरी दुमडीत चिरा राहतात, आणि बाहेरचा कडक थर तर पहिल्याच तावात जातो.

लाकडी खोका उष्णतेने प्रक्रिया केलेला आणि तसा शिक्का मारलेला हवा, नाहीतर परदेशी बंदरात अडकतो. आत गंजरोधक कागद गुंडाळतो, कारण बोटीवरची दमट हवा तेलाला जुमानत नाही. तिकडचा मोसम वसंतात सुरू होतो. दिवाळीच्या आत ऑर्डर आली तर माल वेळेत बोटीवर चढतो. होळीला फोन करून एप्रिलला माल मागणाऱ्यांना मिस्त्री सरळ नाही म्हणतात, आणि तेव्हा आम्ही मध्ये पडत नाही.