बोटे हलत होती, तरी हाड मोडले होते

जुलैतल्या एका संध्याकाळी ठाण्यातल्या घंटाळीच्या देवळातून परतताना सासूबाई आमच्या इमारतीच्या ओल्या पायरीवर घसरल्या. पडणे अगदी साधे होते. तोल सावरायला त्यांनी उजवा हात पुढे टेकवला, एवढेच. घरी आल्यावर त्यांनी बोटे हलवून दाखवली आणि "हलताहेत ना? मग मुरगळलाय नुसता," असा निकाल स्वतःच देऊन टाकला. आम्हीही तो मानला, आंबेहळदीचा लेप लावला आणि रात्र काढली.

सकाळी मनगट इतके सुजले होते की हातातली पाटली कातडीत रुतून बसली होती. साबण झाला, तेल झाले; अखेर ती कापावीच लागली. त्या वेळी सासूबाईंच्या डोळ्यांत आलेले पाणी दुखण्याचे होते की सोन्याचे, हे मी विचारले नाही. सूज पुढचे काही तास वाढतच जाते, त्यामुळे हाताला मार लागताच बांगड्या आणि अंगठ्या उतरवून ठेवायच्या असतात, हे आम्हाला तेव्हा सुचले नव्हते.

एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की बोटे हलवणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांचे दोर मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगटाजवळचे हाड मोडले तरी ते दोर शाबूत असल्यामुळे बोटे हलतात. सासूबाईंचे मनगट बाजूने पाहिले की जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसत होता. या मोडीला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. आयर्लंडमधील शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी तिचे वर्णन १८१४ मध्ये केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या तब्बल ८१ वर्षे आधी, केवळ हात पाहून आणि चाचपून.

मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच : एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेच कसे? वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणे यात निरोगी हाडही टिकत नाही; पण उभ्या उंचीवरून पडून मोडते, तेव्हा हाड आतून विरळ झाले असल्याची शंका घ्यावी लागते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हीदेखील हाडे कमकुवत करतात. याउलट, उपवन तलावाभोवती धावण्याचा सराव एकदम वाढवणाऱ्या तरुणाच्या नडगीला पडल्याशिवायही बारीक चीर जाऊ शकते.

हाताचा किंवा पायाचा आकार बदलला असेल, हाडावर नेमके बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे त्याच दिवशी काढावा. जखमेतून हाड दिसत असेल, बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली असतील, अथवा मान, पाठ किंवा खुब्याला मार लागला असेल, तर मात्र माणसाला उठवून रिक्षात बसवण्याचा उत्साह आवरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खुब्याचे हाड मोडल्यावर बहुधा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळते. तरीही हाडाची टोके एकमेकांत रुतली असतील तर वृद्ध माणूस लंगडत चालतो आणि सगळ्यांची फसगत होते. अशा वेळी दुखणे जांघेत किंवा गुडघ्यातही जाणवते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या हाडाची मोड पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही, त्यामुळे दुखणे राहिल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. आणि मालीश? मोडलेल्या हाडावर ती करणे म्हणजे सरकलेली टोके आणखी सरकवणे होय.

आम्ही निदान निघताना एक गोष्ट नीट केली होती. जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली ठेवून, ओढणीने हात गळ्यात बांधून मगच रिक्षात बसलो.

प्लास्टर घातल्यावर हात उंच ठेवायला आणि बोटांवर लक्ष ठेवायला सांगितले होते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे सरळ करताना असह्य कळ आली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर मध्यरात्रही न पाहता यायचे, असे तिथल्या परिचारिकेने दोनदा बजावले. आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडला तर स्नायू काही तासांतच निकामी होऊ शकतात.

पुढच्या आठवड्यात हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. आपल्या हाडांची घनता निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत किती आहे हे टी-स्कोअर सांगतो; तो उणे २.५ किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ होण्याचा आजार, म्हणतात. सासूबाईंचा उणे २.९ आला. औषध सुरू झाले, न्हाणीघरात धरायला दांडी बसली. कापलेली पाटली कपाटात तशीच आहे आणि ती जोडून घ्यायची की मोडीत घालायची, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.