मशेरी आणि महिन्याचे गणित

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीतील बायकांच्या हाती दिवसभर विडी असते, पण ती वळण्यापुरती. ओढताना सहसा कोणी दिसत नाही. तंबाखूचे व्यसन त्यांच्या तोंडी येते ते मशेरीच्या रूपाने. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांवर फिरवायची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के आहेत.

माझ्या वहिनींनी गेल्या वर्षी मशेरी तीनदा सोडली. सोडल्याच्या तारखेवर त्या कॅलेंडरवर फुली मारत आणि पुन्हा लावली त्या दिवशी मुकाट्याने गोल करत. दिवाळीत भिंत रंगवण्यासाठी ते कॅलेंडर उतरवले, तेव्हा पाळीच्या तारखांना त्यांनी दिलेली बारीक टिंबेही दिसली. तिन्ही गोल टिंबांच्या आधीच्या पाच-सहा दिवसांतले होते. "वन्सं, माझ्यातच नेट नाही," हे त्यांचे नेहमीचे वाक्य मला त्या दिवसापासून खटकू लागले.

तीन गोलांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. शिवाय पाळीचे चक्र आणि तंबाखूची तलफ यांच्या संबंधावरील संशोधन मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांवर झालेले आहे. मात्र रक्तात उतरल्यावर तंबाखूतले निकोटिन तेच असते. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि ते मोडण्याचे काम मुख्यतः यकृतातील सीवायपी२ए६ हे विकर (एन्झाइम) करते. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) या कामाला वेग येतो, म्हणून पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या शरीरातून निकोटिन लवकर संपते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणि गरोदरपणात तर आणखी लवकर.

चक्राच्या मध्यावर अंडाशयातून बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढते, आणि गर्भधारणा झाली नाही तर पाळीच्या आधी ते व इस्ट्रोजेन दोन्ही खाली येतात. चिडचिड, झोपमोड, उदासपणा, सारखी भूक ही त्या दिवसांची लक्षणे, आणि निकोटिन सुटल्यावर पहिल्या आठवड्यात जोर करणारी लक्षणेही जवळपास हीच. दोन्ही एकाच वेळी आली की बाईला वाटते, हे सगळे मशेरीवाचूनच होते आहे, आणि हात डबीकडे जातो. चक्राच्या या उत्तरार्धात तलफ व त्रास वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सोडायला नेमके कोणते दिवस बरे, यावर मात्र एकमत नाही: निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) वापरणाऱ्यांत पाळीनंतरच्या पंधरवड्यात सोडणाऱ्या अधिक टिकल्या, तर औषधाविना सोडणाऱ्यांत उलटे आढळले. प्रोजेस्टेरॉन निकोटिनची गोडी कमी करत असावे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मला एवढे पुरे होते. वहिनींना मी दोष न देता टिंबे आणि गोल शेजारी शेजारी दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मांडीवर सूप होते, सुपात तंबाखू होती, आणि हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या. ज्या बाईने दिवसभर तंबाखूतच हात घालायचे, तिला 'मनावर घे' असे सांगणाऱ्यांचे मला नवल वाटते.

या खेपेस त्यांनी फुली मारताना पुढच्या पाळीआधीच्या आठवड्याखाली रेघही ओढली आहे. रेघेवर बारीक अक्षरात लिहिले आहे: डबी शेजारच्या अक्कांकडे.