रंगवलेले यान पुन्हा का रंगवायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहायला बसले आहे. ऐरोलीच्या आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हा प्रश्न विचारतो. दिवाणखान्यातील कपाटात ओळीने मांडलेली छोटी अंतराळयाने पाहून आधी कौतुक होते. मग ही याने खेळाच्या खोक्यातून रंगवलेलीच येतात आणि मी ती पुन्हा रंगवते, असे सांगितले की समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी उमटते. शेजारच्या काकांनी तर अगदी नेमके विचारले होते, “रंगाचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत ना? मग त्याच रंगावर पुन्हा रंग कशासाठी चढवता?” त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. ते आता सविस्तर देते.

मी रंगवते ती याने एक्स-विंग या खेळातील आहेत. फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकी प्रकाशकाने हा खेळ 2012 मध्ये आणला. त्यात स्टार वॉर्स या चित्रपटमालिकेतील लढाऊ याने 1:270 या प्रमाणात असतात. सुमारे तीन फूट लांब आणि तेवढ्याच रुंद टेबलावर दोघे खेळाडू आपापल्या तुकड्या मांडतात, प्रत्येक यानाची पुढची चाल एका तबकडीवर गुपचूप निवडतात आणि मग पुठ्ठ्याच्या सरळ वा वक्र पट्ट्या लावून ती याने पुढे सरकवतात. खेळाच्या पहिल्या खोक्यात ज्याच्यावरून खेळाला नाव मिळाले ते एक्स-विंग जातीचे एक यान आणि त्याच्या शत्रूपक्षाची दोन टाय फायटर याने होती. ते दोन टाय फायटर हुबेहूब सारखे असल्यामुळे त्यांतले कोणते नुकतेच गोळी खाऊन आले आहे आणि कोणते अजून धडधाकट आहे हे कळावे, म्हणून त्यांच्याजवळ आकडा छापलेली पुठ्ठ्याची चकती ठेवावी लागे. सहा-सात टायची टोळी घेऊन कोणी खेळायला बसले, की यानांपेक्षा आकड्यांकडेच पाहत बसावे लागे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर या चकतीत आहे. कारखान्यात दिलेला रंग हे कोणत्या जातीचे यान आहे एवढे अचूक सांगतो, पण हे कोणते यान आहे ते सांगत नाही. तो रंग वाईट असतो असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट एवढ्याशा वस्तूवर यंत्राच्या आणि माणसांच्या हातांनी हजारो वेळा तोच रंग तसाच उमटवणे ही मोठी कसबाची गोष्ट आहे. परंतु हजारो वेळा तसाच उमटणे हीच त्याची मर्यादाही आहे.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मी पावसाळ्यात मुद्दाम जाते. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमा जवळ येऊ लागली की किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होड्यांवर रंगाचे हात चढू लागतात. होड्यांचा घाट साधारण सारखाच असतो, पण कोणाची वरची पट्टी पिवळी असते, कोणाच्या नाळेवर मासा काढलेला असतो, तर कोणाच्या निळ्यावर लाल काठ असतो. खाडीतून परतणारी होडी नाव वाचता येण्याआधीच कोणाची आहे हे धक्क्यावरच्या बायका सांगतात. मला माझ्या यानांच्या बाबतीत एवढेच साधायचे असते : टेबलाच्या पलीकडे बसलेल्याने चकती न पाहता यान ओळखावे.

आता रंगवायचे कसे, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण खरा आनंद तिथेच आहे. साडेबारा मीटर लांबीचे एक्स-विंग 1:270 या प्रमाणात साडेचार सेंटिमीटरांहून किंचित मोठे होते. याचा अर्थ त्याच्या अंगावरचा एक मिलिमीटर हा खऱ्या यानावरचे 27 सेंटिमीटर असतो. मी पाव मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तरी ती प्रत्यक्षात जवळजवळ सात सेंटिमीटर रुंदीची फट ठरते, आणि एवढी फट असलेल्या यानात कोणता वैमानिक बसेल? म्हणून पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा मी शक्यतो ओढत नाही. काळसर रंग पाण्यात अगदी पातळ करते, त्यात भांड्यांच्या साबणाचा जेमतेम थेंब घालते आणि कुंचल्याचे टोक खाचेला नुसते टेकवते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि रंग खाचेतून आपणच धावत जातो. याला आम्ही वॉश देणे म्हणतो. खाचेबाहेर राहिलेला रंग ओलसर कुंचल्याने टिपून घेतला, की हाताने कधीही जमली नसती इतकी बारीक रेघ उरते.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे. यान 270 पटींनी लहान झाले तरी खोलीतला दिवा तेवढाच राहतो. खऱ्या यानाच्या पंखाखाली दाट सावली पडली असती, खेळातल्या यानाखाली मात्र फिकट करडी छटा दिसते आणि दोन हातांवरून तीही नाहीशी होते. त्यामुळे सावली रंगानेच पाडावी लागते आणि कडांवरची चमकही रंगानेच आणावी लागते. अशा वेळी मी शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा रंग फार जपून वापरते. सावलीसाठी काळ्यात निळा मिसळलेला करडा घेते. पांढरे अंग दाखवायचे असेल तर आधी उबदार फिकट करड्याचे दोन-तीन पातळ हात देते आणि निव्वळ पांढरा रंग फक्त कडांवर ठेवते. नवख्या माणसाला वाटते की यासाठी सर्वांत बारीक कुंचला लागत असेल. प्रत्यक्षात अतिबारीक कुंचल्यात रंग इतका थोडा मावतो, की मे महिन्यातील आमच्या उकाड्यात तो यानापर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो. एक नंबरचा, भरलेल्या पोटाचा पण अणकुचीदार टोकाचा कुंचला अधिक उपयोगी पडतो. हात स्थिर कसा ठेवायचा हे मी ठाण्यातील एका गणपतीच्या कारखान्यात पाहून शिकले. तेथील कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना करंगळी मूर्तीच्याच गालावर टेकवत होते, म्हणजे हात हलला तरी कुंचला आणि मूर्ती यांच्यातले अंतर बदलत नव्हते. मीही तसेच करते, फक्त गालाच्या जागी पंख असतो.

कोणता रंग कुठे द्यायचा हे ठरवताना मला खऱ्या अंतराळयानांनी फार शिकवले आहे, कारण तिथे रंगाला काम असते. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न 5 रॉकेटवरचे काळे-पांढरे पट्टे हे रॉकेट स्वतःभोवती किती वळते ते कॅमेऱ्यांना दिसावे यासाठी होते. 1981 मधील पहिल्या दोन उड्डाणांत स्पेस शटलची बाहेरची इंधनटाकी पांढरी रंगवलेली होती. पुढे तो रंग देणे थांबवले, कारण नुसत्या रंगाचेच वजन सुमारे 270 किलो भरत होते, आणि मग टाकी तिच्या फोमच्या नारिंगी-तपकिरी रंगातच दिसू लागली. 23 ऑगस्ट 2023 रोजी आपले विक्रम लँडर चंद्रावर उतरले, तेव्हा त्याचे सोनेरी आवरण सर्वांनी पाहिले. अशी आवरणे बहुधा सोन्याची नसतात. पॉलिइमाइड या प्लॅस्टिकच्या पिवळसर पारदर्शक पटलामागे ॲल्युमिनियमचा मुलामा असतो आणि दोन्ही मिळून सोने भासतात. हे समजल्यापासून मी सोनेरी रंगाची बाटली वापरणे सोडले. आधी चांदी रंगवते आणि ती वाळली की तिच्यावर पातळ पिवळा-नारिंगी रंग पसरवते. तो रंग खालून उजळून येतो, जे बाटलीतल्या सोनेरीला जमत नाही. गंजाचे डागही मी आता काढत नाही, कारण गंजाला हवा आणि ओल लागते. यान ज्या ग्रहावर उतरते तिथली धूळ मात्र त्याच्या पोटाला लागू शकते, म्हणून तिथे घासणीच्या स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून, बराचसा पुसून हलकेच टेकवते.

माझी सर्वांत लाडकी तुकडी चार एक्स-विंगची आहे आणि तिचे रंग खाडीवरून आले आहेत. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे येतात. उभा असताना रोहित फिकट गुलाबी दिसतो. तो उडाला, की पंखांखालची काळी पिसे आणि त्यांना लागून असलेला गडद लाल पट्टा एकदम उघडतो. खेळाची दुसरी आवृत्ती 2018 मध्ये आली आणि तिच्यातील एक्स-विंगचे पंख उघडता-मिटता येऊ लागले. ते पाहताच मला काय करायचे ते कळले. वरचे अंग गुलाबीसर पांढरे आणि पंखांच्या आतल्या बाजू काळ्या-लाल रंगवल्या. पंख मिटून यान वेगाने जाते तेव्हा ते शांत दिसते आणि हल्ल्यासाठी पंख उघडले की थवा उडतो. हालणारे पंख एकमेकांना घासून पहिल्याच डावात आतला काळा रंग खरवडला गेला, तेव्हा फार वाईट वाटले. मग तो सगळा काढून पुन्हा अगदी पातळ हात दिले, वर चकचकीत व्हार्निश लावले, ते पूर्ण कडक झाल्यावर मॅट, म्हणजे न चमकणारे, व्हार्निश दिले, आणि त्यानंतर रंग टिकला.

चुका आणखीही झाल्या. एका यानाचा जुना रंग काढण्यासाठी मी नेलपॉलिश काढायचे द्रव वापरले. त्यातील ॲसिटोनने प्लॅस्टिकच मऊ पडले आणि पंखाची कड वितळून वाकली. एका जुलैत बाल्कनीत फवाऱ्याच्या डब्याने मॅट व्हार्निश मारले, तर हवेतल्या ओलीमुळे सगळ्या यानावर दुधी धुके बसले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर अस्तराचा रंग आणि व्हार्निश दोन्ही कुंचल्यानेच लावते, मग दिवस जास्त लागले तरी चालतात.

वाकलेल्या पंखाचे ते यान मी टाकले नाही, कारण तेच आमच्या तुकडीतील तिसरे यान आहे. कड कानसून सरळ केली, पातळ प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा ठिगळासारखा चिकटवला आणि तो मुद्दाम वेगळ्या करड्या रंगात ठेवला. मोडलेल्या तोफेच्या जागी शिवणाच्या सुईचे टोक बसवले. या खेळात अंतरे यानावरून नव्हे, तर ते ज्यावर उभे असते त्या बैठकीवरून मोजतात, त्यामुळे अशा दुरुस्तीने कोणावर अन्याय होत नाही. यानाची जात ओळखू आली पाहिजे, एवढाच नियम आम्ही आपसांत पाळतो. गेल्या दिवाळीत भाचा खेळायला आला होता. दोन चाली झाल्यावर तो आपले यान मागे घेत म्हणाला, “मावशी, हे ठिगळवालं आहे ना? मागच्या वेळी यानंच माझी दोन पाडली होती. मी याच्या समोर नाही येत.” टेबलावर एकही चकती नव्हती. काकांना द्यायचे उत्तर मला त्या क्षणी सापडले.

2024 मध्ये, तोवर हा खेळ ज्यांच्याकडे गेला होता त्या ॲटॉमिक मास गेम्सने त्याची पुढची निर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. नवी याने येणार नसल्याने आमच्याकडे आहेत तीच पुन्हा रंगवायची, दुरुस्त करायची आणि खेळायची, असे आता चालले आहे, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

चौथे यान सध्या टेबलावर आहे. रोहिताची पिल्ले गुलाबी नसतात. ती करडी असतात आणि शेवाळासारख्या खाण्यातून मिळणारा रंग त्यांच्या पिसांत उतरायला काही वर्षे जातात. म्हणून या यानाला मी नुसता करडा रंग दिला आहे. डाव संपेपर्यंत ते टिकून राहिले, की घरी आल्यावर त्याच्यावर अगदी पातळ गुलाबी रंगाचा एक हात देते. ते पडले, तर काहीच देत नाही. आतापर्यंत सात डाव झाले आणि त्याच्यावर दोन हात चढले आहेत. दिव्याखाली तिरके धरले तरच ते दिसतात.