बोर्डातली रिकामी जागा आणि हॉबचं सर्किट

स्वयंपाकघरात इंडक्शन हॉब बसवायचं ठरलं. त्याच्या माहितीपुस्तिकेत कमाल भार 7.2 किलोवॅट लिहिला होता. 230 व्होल्टला भागलं की साधारण 31 अँपिअर होतात. 16 अँपिअरच्या सॉकेटवर हे चालणं शक्यच नव्हतं, बोर्डापासून थेट हॉबपर्यंत स्वतंत्र सर्किट ओढावं लागणार होतं. बोर्डात एमसीबींच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या, रांगेत शेवटी एक जागा रिकामी होती. तिथे 32 चा एमसीबी टाकला की झालं, असंच घरात सगळ्यांना वाटलं.

परवानाधारक वायरमनना बोलावलं. त्या रिकाम्या जागेवरची ब्लँक प्लेट काढायच्या आधी त्यांनी मेन स्विच किती अँपिअरचा आहे, आरसीसीबी, म्हणजे करंट भलत्या वाटेने निसटला (गळती झाली) की वीज तोडणारा स्विच, किती अँपिअरचा आहे आणि घरातला एकूण भार किती आहे ते वहीत मांडलं. मेन 63 चा होता, आरसीसीबी 40 चा. घराचा मंजूर भार हॉब धरूनही पुरत होता. अडचण आरसीसीबीची होती. रिकामी जागा त्याच्याच बसबारवर, म्हणजे एमसीबींना वीज पुरवणाऱ्या धातूच्या पट्टीवर, होती, म्हणजे हॉबचा सगळा करंट त्या 40 अँपिअरच्या आरसीसीबीतून गेला असता, आणि गीझर, वॉशिंग मशीन आधीपासून त्याच्याच मागे होते.

“मग जास्त लोड झाला की तो ट्रिप होईल ना?” मी विचारलं.

“नाही ताई, तो लोड बघतच नाही,” ते म्हणाले. “फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तर उडतो. साठ अँपिअर गेले तरी फरक नसेल तर तसाच बसून राहील, आतून तापत.”

हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं. एमसीबी वायरचं ओव्हरलोडपासून आणि शॉर्टपासून रक्षण करतो. गळती आरसीसीबी पकडतो. एकाचं काम दुसरा करत नाही.

शेवटी ठरलं ते असं : हॉबला स्वतःचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि गळतीचं संरक्षण दोन्ही एकाच खोक्यात, आणि त्याला पुरवठा आरसीसीबीच्या आधी, थेट मेन स्विचच्या मागून. बोर्ड बनवणाऱ्याच कंपनीचा घेतला, कारण बसबारची पट्टी आणि टर्मिनलची उंची जुळली नाही तर पकड कच्ची राहते. आरसीबीओ ‘टाइप ए’ निवडला. हॉबच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यातल्या बिघाडात गळतीच्या करंटमध्ये डीसीचे ठोके येऊ शकतात आणि ‘टाइप एसी’ त्याला नीट ओळखेलच असं नाही. कर्व्ह, म्हणजे किती मोठ्या करंटला तत्काळ पडायचं ते ठरवणारा प्रकार, मात्र ‘बी’. मोटर नाही, सुरू होताना मोठा झटका नाही, मग ‘सी’ची गरज काय? ‘बी’ 32 चा असेल तर कमाल 160 अँपिअरला तो तत्काळ पडतो, ‘सी’ला त्यासाठी 320 लागू शकतात. अर्थिंगचा रस्ता जितका चांगला, तितका हा करंट पटकन मिळतो, म्हणून तो रस्ता मोजायचा होता.

वायर सहा चौरस मिलिमीटरची. घरातल्या सॉकेटसाठी आहे तीच अडीचची इथे चालणार नाही, यावर त्यांनी वादाला जागाच ठेवली नाही. एमसीबी वायरच्या वहनक्षमतेपेक्षा मोठा असला, तर आधी वायर जळते आणि एमसीबी शांत राहतो. कंड्युटही, म्हणजे वायरींची नळी, वेगळा टाकला, कारण गर्दीत एकमेकींना चिकटलेल्या वायरी थंड होत नाहीत आणि त्यांची क्षमता उतरते.

बोर्डात हात घालण्याच्या दिवशी ज्या गोष्टीसाठी त्यांनी सर्वात जास्त वेळ घेतला ती म्हणजे पुरवठा बंद करणं. बोर्डातला मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या, मीटरकडून येणाऱ्या टर्मिनलला वीज असतेच. इथे तर मेनच्या टर्मिनलवरच काम होतं. म्हणून मीटरजवळचा आयसोलेटर बंद केला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. इन्व्हर्टरही तोडला, नाहीतर बाहेरची वीज बंद असताना तो आतून घर पुरवत राहतो. मग दोन टोकांचा टेस्टर आधी चालू सर्किटवर तपासला, बोर्डात फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ, न्यूट्रल–अर्थ असा लावून पाहिला आणि पुन्हा चालू जागी तपासला. शेवटची तपासणी कशाला, तर टेस्टर मधेच बंद पडला असेल तर मेलेली वायर आणि मेलेला टेस्टर सारखेच दिसतात. पेचकसातल्या निऑनच्या दिव्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

जोडणी तुलनेने लवकर आटोपली. बसबारची जीभ टर्मिनलच्या पकडीच्या आत गेली आहे, मागे नाही, हे मात्र त्यांनी टॉर्चने पाहिलं. मागे गेली तरी स्क्रू घट्टच लागतो, आणि तिथेच पुढे ठिणग्या पडतात. प्रत्येक वायर ओढून पाहिली, स्क्रू टॉर्क पेचकसाने कंपनीने दिलेल्या मापाला आवळले. आरसीबीओचा न्यूट्रल त्याच्याच टर्मिनलवर गेला. तो आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीवर गेला असता तर हॉब चालू होताच दोन्ही उडाले असते.

वीज देण्याआधी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र, लावला, 500 व्होल्ट डीसी, हॉब जोडलेला नसताना, कारण त्या व्होल्टेजने त्याचं सर्किट खराब होऊ शकतं. किमान 1 मेगओहम लागतो. नवी केबल असल्याने रीडिंग त्याच्या कितीतरी वर होतं. अर्थची सलगता आणि पोलॅरिटी (फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का) पाहिली, मग पुरवठा देऊन लूप इम्पिडन्स, म्हणजे फेज अर्थला लागली तर करंट ज्या वाटेने फिरेल तिचा एकूण रोध, मोजला. 0.68 ओहम आला. बी-32 साठी हिशेबाने 1.44 पर्यंत चालतो, वायर तापल्यावर वाढणारा रोध धरला तरी मोकळीक भरपूर होती. आरसीबीओ 30 मिलिअँपिअरला 300 मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, 150 ला 40 च्या आत. दोन्ही वेळा पडला.

सगळी रीडिंग त्यांनी तारीख घालून एका कागदावर लिहिली, तो कागद बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि नव्या आरसीबीओवर ‘हॉब’ असं लेबल लावलं. उघडी राहिलेली एक फट ब्लँक प्लेटने बंद झाली. हॉबच्या सगळ्या शेगड्या पूर्ण ताकदीवर तासभर चालवून त्यांनी टर्मिनलचं तापमान दुरून मोजलं आणि मगच पैसे घेतले.