मासा, साइज ३६

“अक्का, पाय कुठनं बाहेर येणार?”

सोलापूरच्या अशोक चौकामागच्या गल्लीतल्या टेलरदादांनी माझा ब्राऊन पेपर दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि मग हे विचारलं. मी म्हटलं, “येणारच नाहीत. दोन्ही आत, एकत्र.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. जून उजाडायच्या आत त्यांच्या मशीनखालून शाळेच्या हाफ पँटी ढिगांनी जातात. पायांना वाटच नसलेला कपडा त्यांच्या दुकानात पहिल्यांदाच आला होता.

तर ते जलपरीचं शेपूट. माझं वय ४३, पोहायला शिकून दीड वर्ष. लहानपणी आजोळच्या विहिरीत भाऊ मुटके मारायचे आणि मी पाठीला सुका भोपळा बांधून पायरीवर बसायचे. ती कसर आता काढतेय म्हणा. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं बाईला जलपरी व्हायचंय, हे आमच्या घरात अजून चहाबरोबर पुरतं. यांना एकदा सांगून पाहिलं, की ऑस्ट्रेलियाची अ‍ॅनेट केलरमन शंभर वर्षांपूर्वी मूकपटात शेपूट लावून पोहली, अमेरिकेत फ्लोरिडातल्या विकी वाची इथं तर १९४७ पासून झऱ्याच्या पाण्यात जलपऱ्यांचे खेळ चालतात, नळीतून हवा घेत. हे म्हणाले, “त्यांच्याकडे झरा आहे.”

पहिलं शेपूट ऑनलाइन घेतलं होतं, अठराशे रुपयांचं. मोरपंखी रंग, खवले असे चमचमणारे की फोटोत मी स्वतःलाच ओळखलं नाही. पाण्यात मात्र सगळं उघडं पडलं. आतला पंख म्हणजे फोम चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ तुकडा. लाथ मारली की तोच दुमडायचा आणि मी जागच्या जागी. गुडघ्यापाशी कापड सैल, त्यात पाणी शिरून असं फुगायचं, की भिजलेलं पोतं ओढत चाललेय असं वाटावं. तिसऱ्याच दिवशी शेपटीची दोन्ही टोकं तलावाच्या फरशीला घासून फाटली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे सोल्यूशननं डकवून दिले, वरून मी दाभणानं टाके घातले. कशाला लावायचंय, हे त्यानं विचारलं नाही. पंक्चरवाले असे समंजस असतात.

ते बदलायचं ठरवलं, तेव्हा नजर आधी भलतीकडेच गेली. सिलिकोनची शेपटं! काय ती दिसतात! पण एकेकाचं वजन वीस किलोच्या घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा जड, आणि किंमत लाखाच्या पुढे. ते तलावापर्यंत न्यायला एक माणूस, आणि मला न्यायला आणखी दोन. गुमान बंद केलं. मग डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला पुढे ढकलतो तो आतला पंख. कापड नुसतं पांघरूण. दिसण्यावर पैसे घातले होते, तिथंच फसले.

म्हणून साठवलेले पैसे एका मोनोफिनवर घातले, दोन्ही पाय एकाच पंखात बसवणाऱ्या. मुद्दाम मऊ पात्याचा घेतला. शर्यतीचे फायबरग्लासचे ताठ असतात. नवख्यानं ते घातले तर आधी घोटे बोलतात, मग कंबर. पावलाला जरा सैल होत होता, त्यात जाड मोजे घातले.

राहिलं पांघरूण. गाव कापडाचं, पण इथलं नाव पाणी पिणाऱ्या कापडावर झालेलं. टॉवेल काय, चादर काय, भिजली की दोघांनी पिळावी. मला हवं होतं पाणी न पिणारं. कबड्डीचे कपडे शिवणाऱ्याकडून लायक्रा मिळालं. टेलरदादांनी ते उभं ताणलं, आडवं ताणलं, सोडलं, परत जागेवर आलं तसे खूश झाले. सरळ टीप घातली तर ताणल्यावर टचकन तुटणार, हे मी सांगायच्या आतच त्यांनी मशीनचा खटका झिगझॅगवर फिरवला.

मापं त्यांच्या घरच्यांनी घेतली. दोन्ही पाय जुळवून मी भिंतीला टेकून उभी आणि त्या कंबरेपासून घोट्यापर्यंत दर चार बोटांवर टेप गुंडाळत, आकडे तेलुगूत पुटपुटत. “हलू नका अक्का.”

“मासा हलतोच की,” मी म्हटलं.

“पाण्यात हलू दे. हितं नको.”

प्रत्येक मापातून इंचभर कमी केलं, म्हणजे पाणी भरायला जागाच नको. दादांना कंबरेला नाडी घालायची फार इच्छा होती. तिथं मात्र मी हट्टाला पेटले. नाडी नाही, हूक नाही. ओढलं की उतरलंच पाहिजे. आमच्या कोचबाईंची अटच तशी आहे: आधी उथळ पाण्यात, डोळे मिटून, दहा आकडे मोजायच्या आत पंखासकट सगळं काढून दाखवायचं, आणि काठावर कुणी असल्याशिवाय उतरायचंच नाही. मी पहिल्यांदा सव्वीसपर्यंत मोजलं. नऊवर यायला आठवडा गेला.

मग एके सकाळी बायकांच्या बॅचला उतरले. लाट छातीतून काढायची, पोटातून सोडायची, गुडघे वाकवायचे नाहीत, हे हजारदा ऐकलेलं. तिसऱ्या लाटेला पंखानं पाणी धरलं. खाली, अगदी टाचांपाशी, कुणीतरी हातानं ढकलावं तसं. मान वर काढली तर समोरची भिंत आलेली. अंग फुगा झालं होतं. रंग साधा काळा, खवले एकही नाहीत.

क्लोरीन लायक्राला खातं, म्हणून रोज साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवते. अर्धीच बादली, आणि ते पाणी मग कुंड्यांना नाही, बाथरूमला. शेजारच्या वैनी दोरीवर बघून म्हणाल्या, “छत्रीचं कव्हर मोठंय की.”

मजुरी द्यायची राहिली होती, म्हणून दुकानात गेले. भिंतीवर खिळ्यांना शाळाशाळांच्या पुठ्ठ्यांचे साचे टांगलेले, प्रत्येकावर इयत्ता आणि नंबर. शेवटच्या खिळ्याला माझा ब्राऊन पेपर, वर पेनानं लिहिलेलं, ‘मासा ३६’.

“असू दे अक्का,” दादा म्हणाले, “दुसरी कोण आली तर परत माप कशाला?”