ड्रायव्हर पळाला कुठे?

अपघात झाला की तुमची माणसं आधी पळतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं विचारणारे तुम्ही पहिले नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बारशाला विचारतात. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. "काका, तुम्ही रेल्वेत ड्रायव्हर होतात ना? मग एक सांगा, गाडी घसरली की सगळ्यात आधी तुमची माणसं पळून जातात म्हणे. खरंय का?"

खरं आहे. पळतात. मीही पळालोय.

१९९२ चा पावसाळा. मी तेव्हा डिझेल असिस्टंट होतो, म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडे बसून प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारणारा माणूस. पॅसेंजर गाडी, डबल लाईन, नुकतंच अंधारलेलं. मागून कोणी तरी ओढावं तसा झटका बसला आणि ब्रेकच्या व्हॅक्यूमचा काटा धाडकन खाली आला. खिडकीतून मागे पाहिलं तर दोन डबे खडीत उतरलेले आणि तिसरा शेजारच्या लाईनवर कललेला. माणसांचा ओरडा ऐकू यायला लागला होता. माझे ड्रायव्हर जुने, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. त्यांनीही मागे पाहिलं आणि मला एकच शब्द बोलले. "पळ."

मागे नाही, पुढे. गाडीकडे पाठ करून.

कारण शेजारच्या लाईनवरून समोरून गाडी येऊ शकते, आणि तिच्या ड्रायव्हरला वाटेत डबा आडवा आलाय हे स्वप्नातसुद्धा माहीत नसतं. तिला थांबवायचं. त्यासाठी आमच्याकडे असतात फटाके. पुस्तकात डिटोनेटर म्हणतात. बुटांच्या पॉलिशसारखी चपटी, गोल पत्र्याची डबी, तिला दोन बाजूंनी शिशाच्या पट्ट्या. डबी रुळाच्या माथ्यावर ठेवायची आणि पट्ट्या दोन्हीकडून खाली दाबून बसवायच्या. वरून चाक गेलं की असा बार होतो की इंजिनाच्या घरघरीतही ड्रायव्हर दचकतो आणि ब्रेक लावतो. पावसात बत्ती दिसेल न दिसेल, बार ऐकू येतोच.

नियम असा, की ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, तसंच पुढे जाऊन १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. मग तिथेच लाल बत्ती दाखवत उभं राहायचं. १२०० मीटर म्हणजे मैदानाच्या तीन फेऱ्या. फक्त मैदानावर ओली खडी नसते आणि एका हातात बत्ती, दुसऱ्या हातात फटाक्यांचा डबा नसतो. शंभरच्या वेगाने येणारी गाडी हेच अंतर त्रेचाळीस सेकंदांत कापते. मला दहा-बारा मिनिटं लागली असतील. दोनदा पडलो. बत्ती फुटू नये म्हणून कोपरावर पडलो, ती खूण अजून आहे.

आणि समोरून काहीच आलं नाही. तिकडे ड्रायव्हरांनी पोर्टेबल फोन तारेला अडकवून कंट्रोलला, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या कचेरीला, कळवलं होतं, आणि पुढच्या स्टेशन मास्तरने गाडी धरून ठेवली होती. हे मला तासाभराने कळलं. तोवर मी एकटा, पावसात, रिकाम्या रुळाला लाल बत्ती दाखवत होतो. त्या तासात मागचा आवाज तिथवर येत नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

परत आलो तोवर जवळच्या गावातली माणसं बॅटऱ्या आणि खाटा घेऊन पोचली होती. ती नेहमीच आमच्या आधी पोचतात. माणसं जखमी होती, पण कोणी गेलं नव्हतं. खडीवर बसलेल्या एका आजीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आलास का? मान्सं वरडत व्हती तवा पळून गेलास ना रे?" माझ्या छातीत श्वास नव्हता. पण श्वास असता तरी काय बोललो असतो? तिने पाहिलं ते खरंच होतं.

दुसऱ्या गाडीची धास्ती काय असते ते बाहेरच्याला सांगायचं तर मी खन्नाचं नाव घेतो. २६ नोव्हेंबर १९९८ ची पहाट. मुंबईहून अमृतसरला चाललेली गोल्डन टेंपल मेल, आपली जुनी फ्रंटियर मेल, पंजाबात खन्नाजवळ घसरली. रूळ तुटला होता. काही डबे शेजारच्या लाईनवर गेले, आणि त्याच लाईनवरून जम्मूतावी-सियालदह एक्सप्रेस आली. दोनशेहून जास्त माणसं गेली. दोन्हींच्या मध्ये होती ती काही मिनिटं. दुसऱ्या दिवशी आमच्या लॉबीत, म्हणजे जिथे ड्रायव्हर-गार्ड ड्युटीवर सही करतात तिथे, मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. प्रत्येकजण मनातल्या मनात एकच हिशेब मांडत होता. त्या असिस्टंटला किती मीटर मिळाले असतील?

नंतरही झालं. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशात हरद्याजवळ पुराने रुळाखालचा भराव नेला, तेव्हा मुंबईहून निघालेली कामायनी आणि मुंबईकडे येणारी जनता एक्सप्रेस, दोन्ही तिथेच, काही मिनिटांच्या फरकाने घसरल्या. २ जून २०२३ ला बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजारला कोरोमंडल उभ्या मालगाडीवर आदळली आणि तिचे डबे बाजूने जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा गाडीच्या शेपटाला लागले. तिथे तर पळायलाही कोणाला वेळ नव्हता.

पण तुम्ही 'तुमची माणसं' म्हणालात, आणि आमची सगळी माणसं काही इंजिनात बसत नाहीत. मी वाढलो भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. वडील ब्रेकडाऊनला खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार. ब्रेकडाऊन म्हणजे अपघात झाला की क्रेन, जॅक, कटर घेऊन निघते ती गाडी. डॉक्टरांची व्हॅन वेगळी. दोन्ही यार्डात कायम तयार उभ्या. भोंगा झाल्यापासून ब्रेकडाऊनने दिवसा अर्ध्या तासात आणि रात्री पाऊण तासात हलायचं. दोन्हीकडून वाट असलेल्या सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, डॉक्टरांची व्हॅन असेल तर तिला पंधराच मिनिटं.

भोंग्याला भाषा होती आणि ती आम्हा पोरांना बाराखडीच्या आधी यायची. तीन लांब म्हणजे बाहेर कुठे तरी घसरलंय, पण मेन लाईन मोकळी आहे. चार लांब म्हणजे मेन लाईन बंद. आणि चार लांबांनंतर एक आखूड आला, तर डॉक्टर पाहिजेत.

आई पोळ्या लाटत असायची. पहिल्या भोंग्याला लाटणं थांबायचं. दुसरा, तिसरा. चौथा संपला की अख्खी चाळ त्या आखूड भोंग्यासाठी कान देऊन उभी. रेडिओ बंद, नळ बंद. कोणाचं तान्हं रडलं तर त्याच्या तोंडावर हात. आखूड आला नाही तर आई पुन्हा लाटायला घ्यायची आणि वडील "चला, नुसते डबे उचलायचेत" म्हणत चपला शोधायचे. आला तर ती तवा खाली उतरवायची. ब्रेकडाऊनवर जेवण मिळतं हे तिला माहीत होतं, तरी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचीच.

मग चाळीत पहिला प्रश्न, कुठली गाडी? आणि लगेच दुसरा, क्रू कुठला? ड्रायव्हरांच्या बायका कॉलबॉयच्या घरापुढे जमायच्या. ड्रायव्हरला घरी जाऊन उठवणारा, रजिस्टरवर सही घेणारा हा माणूस. कोण कुठल्या गाडीवर गेलंय हे साहेबांच्या आधी त्याला ठाऊक. तो बोलायचा नाही, पण ज्या बाईकडे बघायचं टाळायचा ती खाली बसायची.

वडिलांचं काम काय होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. कटर चालवणारा दुसरा. डब्यात अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, ते काम यांच्याकडे होतं. नाव काय, गाव कोणतं, पोरं किती. झोपू द्यायचं नाही. घरी आले की मोरीत न जाता बाहेरच्या नळावर अंघोळ करायचे आणि कपडे स्वतः धुवायचे. एकदा जेवता जेवता आपणहून म्हणाले, "सिन्नरचा होता. कांदे विकून चालला होता." त्या 'होता'वर आई ताट ठेवून आत गेली. वडिलांनी भात मात्र संपवला. टाकणं त्यांना जमायचं नाही.

आता जे बाहेरचं कोणी विचारत नाही तेही सांगतो. लाईन चालू व्हायच्या आधी ट्रॅकवाले, इंजिनवाले, डबेवाले, ट्रॅफिकवाले असे सगळ्या खात्यांचे सुपरवायझर मिळून मापं घेतात. गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, किती, चाकाची झीज किती, वेग किती. त्याची जॉइंट नोट होते. चाक रुळावर जिथे चढलं तिथे माथ्यावर एक चकचकीत ओरखडा असतो, नखाने काढावा तेवढा बारीक. त्याच्याभोवती चार माणसं उकिडवी बसतात आणि प्रत्येकाला तो ओरखडा दुसऱ्याच्या खात्यात घालायचा असतो. शंभर पावलांवर चादरीखाली माणसं ठेवलेली असतात आणि इथे मिलिमीटरवरून भांडण. तरुणपणी मला याची शरम वाटायची. आता वाटत नाही असं नाही, पण ते मिलिमीटर कोणी तरी मोजलेच पाहिजेत, आणि भांडणारा माणूस नीट मोजतो. माणसं दगावली की चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जाते. ते रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. आमच्यातला हा एक शहाणपणा.

क्वार्टरमध्ये मात्र चौकशी लगेच सुरू व्हायची. आमच्या शेजारच्या चाळीत वर ड्रायव्हर राहायचे, खाली ट्रॅकचे मिस्त्री. एका अपघातानंतर, वेग जास्त होता की रूळ खराब होता याचा निकाल लागेपर्यंत या दोन घरांतलं विरजणाचं देणंघेणं बंद झालं. सहा-सात महिने. पोरं शाळेत एकाच बाकावर बसायची, पण घरी ते सांगायची नाहीत. निकाल काय लागला ते आता आठवत नाही. विरजण पुन्हा सुरू झालं ते मिस्त्रींच्या मुलीच्या साखरपुड्याला, एवढं आठवतं.

माझा मेहुणा कोकण रेल्वेत ट्रॅकवर होता. २२ जून २००३ ची रात्र त्यांच्याकडे कोणी विसरलेलं नाही. कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर आदळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्ष भरत नाही तोच, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून घसरली, पुन्हा दरडीचे दगड. त्यानंतर डोंगर कापून उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या. आज पावसाळी वेळापत्रकात गाड्या रेंगाळतात आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४०च्या वर जायचं नाही, त्याच्यामागे या दोन तारखा आहेत. चिपळूणला जाताना "कोकणकन्या कसली, कोकणआजी" म्हणून हसतात लोक. हसू देत.

मेहुणा रात्रीच्या पेट्रोलिंगला असायचा. डोक्यावर इरलं नाही, रेनकोट, पण पाणी आत शिरायचंच. हातात बत्ती, पाठीला फटाक्यांचा डबा. ठरलेल्या अंतरापर्यंत चालायचं, समोरून दुसरा पेट्रोलमन येतो, दोघांनी पुस्तकं बदलायची आणि आपापल्या वाटेने परत. पुस्तक बदललं नाही म्हणजे दोघांतला एक तरी तिथवर गेला नाही, हे सकाळी कळतं. मी विचारलं, भेटल्यावर बोलता काय? म्हणाला, "काही नाही. तो बिडी देतो, ती ओली असते."

रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी मी एका अपघाताच्या जागेवरून गाडी नेली. माणसं दगावली होती. लाईन आदल्याच रात्री जोडलेली, हातात कॉशन ऑर्डर, म्हणजे हळू जाण्याचा लेखी हुकूम, वीसच्या वर जायचं नाही. बाजूला उताणे पडलेले डबे, खडीत एक लहान मुलाची बाटली. मागून गलका ऐकू येत होता. डब्यांच्या दारांत फोटो काढायला झुंबड उडाली असणार. रुळाच्या दोन्ही अंगांना ट्रॅकमन उभे होते, रात्रभर न झोपलेले. एकानेही मान वर करून गाडीकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा खाली, चाकावर. चाक कसं बसतंय, रुळाखालचा स्लीपर दबतोय का, शेवटचा डबा जाईपर्यंत. मुकादमाने हिरवं निशाण तेवढं धरलं होतं.

पुढच्या स्टेशनवर एक गृहस्थ तरातरा इंजिनापाशी आले. हातात बॅग, कुठे तरी पोचायचं राहिलेलं. म्हणाले, "किती हळू चालवता हो? अर्धा तास घालवलात."

मी म्हटलं, "कॉशन होतं, साहेब."