कर्ज फेडतानाचे व्हिडिओ आणि आईंच्या पाटल्या

2022 ची दिवाळी झाली तेव्हा आमच्या घरात चार कर्जं चालू होती. धायरीतल्या फ्लॅटचं गृहकर्ज, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं पर्सनल लोन, नवऱ्याच्या कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेचं कर्ज आणि हॉस्पिटलचं उरलेलं बिल ज्यावर भरलं ते क्रेडिट कार्ड. कार्डाचे 80,000 थकलेले. दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, तेवढीच भरत होतो, त्यामुळे वसुलीचा फोन कधी आला नाही आणि आकडाही जागचा हलला नाही.

रात्री ओटा आवरून झाला की मी मोबाइलवर कर्ज फेडणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचे. बहुतेक अमेरिकेतले. एक बाई दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून किती फेडलं, किती उरलं ते सगळं सांगायची. कुठे चुकार खर्च झाला तेही. आपल्याकडे कर्जाचा आकडा सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. तिचं ऐकून मी पहिल्यांदा सगळे आकडे एका कागदावर लिहिले आणि नवऱ्यासमोर ठेवले. तोवर त्याची कर्जं त्याच्या डोक्यात होती आणि माझी माझ्या. काही व्हिडिओंमध्ये कर्ज फिटल्यावर माणसं जोरात ओरडतात. आमच्या सोसायटीत कोणी तसं ओरडलं तर वॉचमन काठी घेऊन वर येईल!

त्या बाईचा, फेडलेले पैसे रंगवत जायचा तक्ताही मी उचलला. मुलीच्या उरलेल्या ग्राफच्या कागदावर एक चौकोन म्हणजे हजार रुपये असं धरलं. रंगवायचं काम सासऱ्यांनी मागून घेतलं. ऑपरेशनमुळे कर्ज झालं हे त्यांच्या मनात होतंच, आता निदान हातात पेन्सिल आली.

सल्ल्यांचं मात्र तसं नव्हतं. ही मंडळी दोन पद्धती सांगतात. स्नोबॉलमध्ये व्याजदर न बघता सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवायचं, अ‍ॅव्हलांचमध्ये सगळ्यात महागडं आधी. शिवाय एक गोष्ट सगळेच ठासून सांगतात: एक कर्ज फेडायला दुसरं घेऊ नका. मी कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. 80,000 वर महिन्याचे 2,800, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 504. मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे 4,000. त्यातले 3,304 व्याजात आणि करात गेल्यावर मुद्दलात पडणार जेमतेम 700. वर, मागची बाकी असेपर्यंत त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. अमेरिकेत तेव्हा कार्डाचं व्याज वर्षाला 20 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे त्यांचं दुखणं आमच्या निम्मं. आणि सासूबाईंच्या पाटल्या काही त्यांच्या कपाटात नव्हत्या.

सोनं तारण ठेवायचं हे मी बोलायच्या आधी आईच बोलल्या. नवऱ्याला ते अजिबात पटलं नाही. "आईचं सोनं गहाण टाकायची वेळ आलीय का?" आई म्हणाल्या, "कपाटात पडून ते काय व्याज देतंय? ऊठ, बँकेत घेऊन चल मला." बँकेच्या सराफाने पाटल्या कसोटीवर घासल्या, तोलल्या. कर्ज आम्ही लागेल तेवढंच उचललं. व्याज वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिन्याला 600. मुदत वर्षाची, पण मध्ये जमेल तसे पैसे भरता येतात. कार्डाची पूर्ण बाकी एकदम भरली आणि कार्ड बंद करायचा अर्ज दिला. बंद झाल्याचं लेखी मागून घेतलं. कार्डाला जाणारे 4,000 आता तारणाच्या खात्यात जायला लागले. आईंच्या पाटल्या दिवाळीआधी सोडवायच्या हे ठरलेलं होतं. त्यासाठी मी सोसायटीतल्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेतली, आणि नवऱ्याचा बोनसही तिकडेच गेला. पाटल्या वेळेत घरी आल्या.

पुढचा नंबर हिशोबाने पर्सनल लोनचा होता. आम्ही आधी पतसंस्था घेतली, तिचा दर कमी असूनही. नवऱ्याचे एक जामीनदार निवृत्त होणार होते. म्हणजे नवा जामीनदार शोधा, त्याच्या घरी जा, चहा घ्या, विषय काढा. हे कुठल्याही व्हिडिओत नसतं. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला मिळाला तेव्हा त्या काकांना तो आधी दाखवला.

पर्सनल लोन फिक्स्ड दराचं होतं आणि मुदतीआधी बंद केलं तर शुल्क होतं. वाचणारं व्याज आणि शुल्क मांडून पाहिलं, फरक फार नव्हता, म्हणून ते हप्त्याने संपू दिलं. नंतर सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची नोंद, काढला, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कार्ड आणि लोन दोन्हींसमोर 'क्लोज्ड' आहे ना ते पाहिलं. 'सेटल्ड', म्हणजे कमी पैशांत तडजोड केली, असं आलं असतं तर पुढे नवं कर्ज घेताना अडचण होते.

आता गृहकर्ज उरलंय. ते फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि आमचं व्याजही वाढलं. आमचा हप्ता होता तेवढाच राहिला, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मुदत मात्र गुपचूप लांबली होती. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला निवडता आलं पाहिजे. आम्ही शाखेत जाऊन हप्ता वाढवून घेतला. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर जादा भरणा केला तर दंड नाही, त्यामुळे वर्षातून एकदा जमेल ती रक्कम मुद्दलात टाकतो. सोबतच्या अर्जात 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं मी लिहिते, पोच घेते आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये उरलेले महिने मोजून बघते.